राखीव सहा गुंडे

साडेतीनची लाँच पकडली तर धाकटीला आईचं शिलाई मशीन मिळणार होतं आणि वहिनीला ते मिळणार नव्हतं. या दोन लाभांपैकी मोठा कोणता, हे धाकटीनं स्वतःला विचारलं नव्हतं. उत्तर ठाऊक असलेले प्रश्न ती विचारत नसे.

वयाच्या एकसष्टाव्या वर्षीही घरात तिला धाकटीच म्हणत. तिच्यावर एक भाऊ, भावाच्या वर ताई. खाडीपलीकडचं मोठं घर सोडून ताई आता लेकाजवळ दोन खोल्यांत राहायला निघाली होती. उद्या सकाळी दहाला ट्रक येणार होता. आईच्या ज्या वस्तू ट्रकात मावणार नव्हत्या त्या भावंडांनी न्यायच्या, आणि भांडणं नकोत म्हणून ताईनं फोनवर नियम सांगून टाकला होता : "जो आधी दारात येईल तो आधी उचलेल. एकानं एकच वस्तू. मला मध्ये घ्यायचं नाही." भावाच्या वतीनं वहिनी येणार होती, आणि तिला मशीन हवं होतं ते शिवायला नव्हे. वरचं मशीन काढून टाकायचं, खालच्या लोखंडी पायांवर काच बसवायची आणि गॅलरीत टेबल म्हणून ठेवायचं, असा तिचा बेत होता. तो ऐकल्यापासून धाकटीला जेवण गोड लागत नव्हतं. सातव्या वर्षी त्या मशीनवर तिनं पहिली उशीची खोळ शिवली होती, पाय पायट्याला पुरत नव्हते म्हणून उभ्यानं. ते मशीन आता कुंड्यांच्या शेजारी कपबश्या सांभाळत उभं राहणार?

वहिनी गाडीनं, पुलावरून लांबचा वळसा घालून सहाला पोचणार होती. साडेतीनची लाँच सव्वाचारला पलीकडे लागायची. त्यानंतरची थेट उद्या सकाळी आठला. म्हणजे धाकटीच्या गाठीला पावणेदोन तासांची आघाडी होती, आणि दोनला पाच कमी असताना बसमधून उतरली तेव्हा ती पुरती शाबूत होती.

"धक्का दहा मिनिटांवर आहे," ती म्हणाली. "तिथेच बाकावर जाऊन बसू."

"दीड तास बाकावर बसून काय करायचं?" टर्नर म्हणाला. "ते लोकरीचं दुकान याच रस्त्याला आहे. दहा मिनिटांचं तर काम."

टर्नर म्हणजे तिचा नवरा. चाळीस वर्षं त्यानं लेथवर लोखंड कातलं आणि केसाच्या दहाव्या हिश्श्यावरून कारखान्याशी वाद घातले. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी डोक्यात रक्ताची गुठळी झाली आणि डावा हात लुळा पडला. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी बोटांना काम हवं म्हणून दोन सुया आणि थोडी लोकर हातात दिली. तीन महिन्यांसाठी दिली होती. त्याला आता अडीच वर्षं झाली.

आणि तेव्हापासून तो जो एकच स्वेटर विणत होता तो धाकटीसाठी होता. कोणता रंग हवा असं त्यानं विचारलं तेव्हा ती कांदा चिरत होती. "कोणताही," असं म्हणून गेली. त्या एका शब्दाची शिक्षा म्हणून लोखंडी फाटकाला रंगाआधी जो तांबडा प्रायमर फासतात, नेमक्या त्या रंगाची लोकर घरात आली. "मळखाऊ आहे," टर्नर म्हणाला होता, आणि रोज रात्री जेवणं झाली की व्हर्नियर घेऊन तिची मनगटं मोजायला बसत होता, जणू तिची मनगटं रात्रीतून झिजणार होती. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, एक बाही झाली. दुसरी बाही कोपरापर्यंत आली आणि लोकर संपली.

लोकर कारखान्यात कढईकढईनं रंगवतात, आणि एका कढईचा रंग दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. लोकरीच्या गुंड्याभोवतीच्या कागदी पट्टीवर त्या कढईचा नंबर असतो. टर्नरनं पट्टी पाकिटात, मुलीच्या फोटोच्या पुढे जपून ठेवली होती : चारशे अठरा. त्यांच्या शहरातल्या तिन्ही दुकानांत चारशे अठरा नव्हता. या गावच्या दुकानात जगातली सगळी लोकर मिळते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. धाकटीचा संशय असा, की ताईकडे लाँचनं जायला तो चटकन तयार झाला त्यामागे मशीन नव्हतं, चारशे अठरा होता.

"दहा मिनिटं," ती म्हणाली. "घड्याळ लावते."

दुकान कधीकाळी औषधांचं असावं. जमिनीपासून छतापर्यंत खणच खण, वरच्या खणांसाठी चाकांची शिडी, आणि खणाखणात लोकर : जाड, बारीक, पिळाची, बिनपिळाची, शेळीच्या दाढीसारखी, बाळाच्या जावळासारखी. एकाच मोरपिशी रंगाच्या अकरा छटा धाकटीनं उभ्या उभ्या मोजल्या. मोजायचं नव्हतं तिला, पण सवय. तीस वर्षं ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या कपड्यांच्या स्टोअरची प्रमुख होती; चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे. प्रत्येक खणाला इथे एक पुठ्ठा लटकवलेला होता आणि त्यावर बारीक अक्षरात आलेले, गेलेले, उरलेले गुंडे. एकही खाडाखोड नाही. धाकटीला क्षणभर आदर वाटला, आणि मग आपल्याला इथे काही आवडतंय याचाच राग आला.

काउंटरमागे एक उंच, सडपातळ म्हातारी बसली होती. गळ्यात मापाची टेप, नाकावर चष्मा, आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाचा गृहपाठ अपुरा आहे अशी नजर. धाकटीनं मनात तिचं नाव मास्तरीण ठेवलं.

टर्नरनं पाकिटातून पट्टी काढून काउंटरवर ठेवली. मास्तरीणबाईंनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"काम दाखवा."

"दीड गुंडा हवाय फक्त," धाकटी म्हणाली. "असेल तर द्या, आम्हाला लाँच गाठायचीय."

"काम पाहिल्याशिवाय मी लोकर देत नाही. लोक काय वाट्टेल ते विणतात."

टर्नरनं मोठ्या आनंदानं पिशवीतून स्वेटर काढला. अडीच वर्षांत कुणी त्याला काम दाखवा म्हटलं नव्हतं. मास्तरीणबाईंनी पाठीचा भाग उजेडात धरला, उलटा केला, ताणून पाहिला, मग त्यात नख खुपसायचा प्रयत्न केला. नख गेलं नाही.

"हे विणलंय की ओतलंय?"

"टॉलरन्स कमी ठेवलाय," टर्नर म्हणाला.

"म्हणून लोकर संपली तुमची. एवढ्या घट्ट हातानं विणलं तर मेंढ्यासुद्धा संपतील." पण आवाजात राग नव्हता. "ओळी मात्र सरळ आहेत. शिकलात कुणाकडे?"

"हॉस्पिटलात."

"बसा."

तो बसला. धाकटीनं घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं संपून सात वर गेली होती.

चारशे अठरा होता. शिडी सरकली, बाई वर चढल्या, सर्वांत वरच्या खणातली एक कापडी पिशवी त्यांनी हातात घेतली, आत डोकावल्या आणि पुन्हा जागेवर ठेवून खाली उतरल्या.

"आहेत. सहा आहेत. पण देता येणार नाहीत."

"म्हणजे?"

"राखीव आहेत. पोस्टातल्या बाईंचे." आणि त्यांनी समजावून सांगितलं, धाकटीला चादर आणि अभ्रा यांतला फरक समजावावा तसं : सगळ्यांना सगळी लोकर एकदम घेणं परवडत नाही. अशा गिऱ्हाइकाला लागतील तेवढे एका कढईचे गुंडे पिशवीत बाजूला काढायचे, वर नाव घालायचं, आणि ती येईल तसा एकेक द्यायचा. विणणारीला भरवसा हवा, की शेवटचा गुंडा आपल्यासाठी थांबलाय.

"कधी आल्या होत्या त्या शेवटच्या?"

"चौदा महिने झाले."

"चौदा महिने! अहो, त्या आता कशाला येतायत? सहातले दोन आम्हाला द्या. त्या आल्या तर..."

"आल्या तर मी काय सांगू? तुमचं होतं ते घाईतल्या माणसाला देऊन टाकलं?"

धाकटीच्याही स्टोअरमध्ये एक राखीव कपाट होतं. तीस वर्षांत सर्जनांनी त्यासमोर आरडाओरडा केला होता, एका अधीक्षकानं तर टेबलावर मूठ आपटली होती, आणि तिनं दरवेळी एकच वाक्य ऐकवलं होतं. ते वाक्य इतकं मुरलेलं होतं की आताही आपसूक बाहेर पडलं, फक्त उलट्या बाजूनं.

"सही आणली तर?"

मास्तरीणबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "सही आणली तर देईन."

"पोस्ट कुठे आहे?"

"डाव्या हाताला, दोन चौक सोडून. पण तुम्हाला लाँच..."

"अहो, तुम्ही इथून हलू नका," ती नवऱ्याला म्हणाली. हे सांगायची गरज नव्हती. तो नमुन्याचा चौकोन विणायला घेऊन बसला होता आणि मास्तरीणबाई त्याच्या डाव्या करंगळीखालून धागा घालून देत होत्या.

पोस्टात रांग होती. धाकटी ती ओलांडून थेट खिडकीशी गेली.

"ओ मावशी, आम्ही काय हवा खायला उभे आहोत का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मला तिकीट नको, सही हवीय," मागे न बघता धाकटी म्हणाली, आणि खिडकीतल्या बाईंना म्हणाली, "तुमचे लोकरीच्या दुकानात सहा गुंडे राखून ठेवलेत ना?"

पोस्टातल्या बाई पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या. हातातला शिक्का त्यांनी हवेतच धरला.

"त्यांनी पाठवलं तुम्हाला?"

"नाही, मी माझी आले."

"खरं सांगा. चिडल्यात का?" त्या खिडकीशी वाकल्या आणि कुजबुजू लागल्या. "हे बघा, मी बटणं घ्यायला गेले होते हो. साधी चार बटणं. अर्ध्या तासानं बाहेर पडले ती आठ गुंड्यांची शाल विणायचं अंगावर घेऊन. त्यांना नाही म्हणता येतं का कुणाला? दोन गुंडे विणले. त्यावर आता मांजर झोपतं. चौदा महिने मी त्या रस्त्यानं गेले नाहीये. मागच्या गल्लीनं जाते, कचऱ्याच्या डब्यांमधून."

"मग सोडवते मी तुम्हाला," धाकटी म्हणाली. "एवढं लिहून द्या, की दोन गुंडे या बाईंना द्यावेत."

"दोन?" बाईंचा चेहरा पडला. "मग चार राहतीलच की. चार राहिले म्हणजे मी राहिलेच. सहाही न्या."

"मला दीडच लागतो."

"सहा नेणार असाल तर सही करते."

मागची रांग खोकायला लागली. खिडकीवरच्या घड्याळात पावणेतीन होत होते. "आणा इकडे," धाकटी म्हणाली. "सहा तर सहा."

"कारण काय लिहू? हात दुखतो लिहू?"

"त्या घरी येतील बघायला," धाकटी म्हणाली.

"येतील, येतील! तेल घेऊन येतील!"

"काही लिहू नका. कारण लिहिलं की चौकशी लागते. नुसती सही आणि तारीख."

बाईंनी सही केली, आणि सवयीनं खाली पोस्टाचा शिक्काही मारला. इतका जोरात, की सुटकेचा आवाज साऱ्या ऑफिसात घुमला.

धाकटी परत आली तेव्हा तीनला पाच कमी होते आणि टर्नरनं कोट काढून खुर्चीला अडकवला होता. कोट काढणं ही वाईट खूण होती. लेथसमोर उभं राहताना तो कोट काढत असे.

"हे बघ," त्यानं तळहाताएवढा चौकोन वर धरला. "हात सैल सोडला की टाका बसतो कसा ते बघ. अडीच वर्षं मी उगाचच..."

"छान. कोट घाला."

मास्तरीणबाईंनी चिठ्ठी वाचली. मग शिक्का वाचला. मग पुन्हा चिठ्ठी.

"सोडलं का तिनं?"

"मला काय माहीत? मी सही आणली."

"सहाही देतेय म्हणजे सोडलं." बाईंनी चिठ्ठीची घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. "शालीची किनार फार सुंदर होणार होती."

आणि मग त्या चढल्या. धाकटीनं आयुष्यात कुणाला इतकं सावकाश चढताना पाहिलं नव्हतं. पिशवी खाली आली. त्यावरची चिठ्ठी त्यांनी सुईनं उसवली, फाडली नाही. सहाही गुंडे दाराशी नेऊन, उजेडात, एकेक करून बाहीला लावून पाहिले. टर्नर प्रत्येक गुंड्याला मान डोलवत होता.

"एकाच कढईचे आहेत ना?" धाकटी म्हणाली. "मग सहा वेळा काय बघताय?"

"कढईलाही तळ असतो आणि काठ असतो," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बरोबर आहे," टर्नर म्हणाला. "लोखंडाचंही तसंच."

"तुम्ही दोघं लग्न करा," धाकटी म्हणाली. "मी लाँचनं जाते."

तीन वाजून दहा मिनिटं. धाकटीनं पैसे काउंटरवर ठेवले, गुंडे पिशवीत कोंबले, टर्नरच्या अंगात कोट चढवला आणि स्वेटर आवरायला घेतला. अर्धी बाही सुईवर होती. ती लांब सुई पिशवीच्या तोंडातून वर येत होती, चेन लागत नव्हती आणि वर हाताला टोचत होती. टर्नर आणि बाई दाराशी शेवटचं बोलत होते, म्हणजे तिसरं शेवटचं. धाकटीनं सुई ओढून काढली, तिच्या जोडीदार सुईबरोबर बाजूच्या कप्प्यात ठेवली, बाही दाबून आत सारली आणि चेन लावली.

शिवण जन्मभर केलेलं माणूस. शिवण झाली की टाचण्या काढायच्या, कापड आपलं आपण धरून राहतं. सुई काढली की जे होतं ते सगळं सुटतं, असलाही काही उद्योग जगात असतो, हे तिच्या हाताला माहीतच नव्हतं.

"चला!"

टर्नरनं पिशवी उचलली आणि पायरीवर थबकला. त्यानं पिशवी बाहेरून चाचपली, मुलाच्या अंगात ताप आहे का बघावं तशी.

"सुई कुठाय?"

"बाजूच्या कप्प्यात. टोचत होती."

मास्तरीणबाईंनी एक हात छातीशी नेला. टर्नरनं मागे वळून, अगदी सावकाश, पिशवी काउंटरवर आडवी ठेवली आणि चेन उघडली.

बाहीच्या टोकाशी साठ-एक टाके तोंडं उघडी टाकून उभे होते, आणि मधोमध एका जागी शिडीसारखी फट अकरा ओळी खाली धावली होती.

"मी..." धाकटी म्हणाली.

"हलवू नका," बाई म्हणाल्या. "आता हलवलं तर काठापर्यंत जाईल." त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि 'बंद आहे' ही पाटी फिरवली. एवढ्या झपाट्यानं त्या हलू शकतात हे धाकटीला आत्ता कळत होतं.

"लाँचवर बसून नाही का करता येणार?"

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. तिनं हट्ट धरला नाही.

"तू हो पुढे," टर्नर म्हणाला. चष्मा बदलून तो खुर्ची काउंटरशी ओढत होता. रागावलेला नव्हता, रागावला असता तर तिला सोयीचं झालं असतं. "अजून तेरा मिनिटं आहेत. झपझप गेलीस तर मिळेल. मी सकाळी आठच्यानं येतो. गोळ्या तेवढ्या देऊन जा."

तिनं गोळ्यांची डबी काउंटरवर ठेवली. पर्स खांद्याला अडकवली. हिशेब सरळ होता : ती गेली तर मशीन तिचं. वहिनीचं तोंड बघायला मिळणार ते वेगळंच. बाही दोघं मिळून आवरतील, ती इथे राहून करणार काय होती? तिनं कडी काढली आणि पायरी उतरली.

मागून मास्तरीणबाईंचा आवाज आला. "एक सांगू? तुमचा हात आता सुटलाय. ही पाठ बघा, ही सुरुवात. किती आवळलेली, आणि तिरकी. आता गुंडेही सहा आहेत. सगळं उसवून नव्यानं घेतलंत तर काम बघण्यासारखं होईल."

आणि टर्नर म्हणाला, "माझ्याही मनात तेच आलं होतं."

धाकटी रस्त्यात उभी राहिली.

पाठीच्या त्या पहिल्या ओळी तिला पाठ होत्या. पहिली ओळ घालायला त्याला नऊ दिवस लागले होते. डाव्या हाताची मूठ उघडत नव्हती. सुई मुठीत खुपसून तो उजव्या हातानं टाका ओढायचा, घाम यायचा, आणि सुटलेला टाका उचलून द्यायला ती पुढे झाली की हात झटकायचा. पाचव्या ओळीला अंगठा हलला. ती स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून रडली होती, आणि हे तिनं त्याला आजवर सांगितलेलं नव्हतं. पाचवी ओळ कुठली, हे प्रायमरच्या रंगातही तिला दिसत असे.

ती परत आली, कडी घातली आणि पर्स आपटून स्टुलावर बसली.

"याद राखा! निसटलंय तेवढंच उचलायचं. त्याखालचा एक टाका जरी मुद्दाम उसवलात, तर मी इथली सगळी लोकर खणाबाहेर काढेन आणि खण बदलून ठेवेन."

मास्तरीणबाई पांढऱ्याफटक पडल्या. ही बाई ते करू शकते, हे स्टोअरचं माणूस स्टोअरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखतं.

"अगं, पण लाँच?" टर्नर म्हणाला.

"माझ्याकडे बघू नका. टाक्याकडे बघा."

"पण मशीन..."

"टाक्याकडे बघा म्हटलं ना!"

साडेतीनला धक्क्यावरून भोंगा ऐकू आला. एकदा, मग पुन्हा एकदा, जणू पहिल्यांदा धाकटीला ऐकू गेला नसेल म्हणून. टर्नर क्रोशाच्या आकड्यानं फटीतली एकेक ओळ वर चढवत होता, बाई दोन बोटांनी कडा धरून होत्या, आणि धाकटीला मोजायचं काम मिळालं होतं, कारण दोघांनाही तिच्या हातांचा भरवसा राहिला नव्हता.

"एकोणसाठ, साठ, एकसष्ट," ती म्हणाली.

"बासष्ट हवेत."

"एकसष्टच आहेत."

"पुन्हा मोज."

"तीस वर्षं मी मोजलंय. एकसष्ट."

बासष्टावा टाका शिवणीच्या बाजूला, चार ओळी खाली, स्वतःभोवती गोळा होऊन बसला होता. तो सापडायला पाच वाजले. सापडला तेव्हा मास्तरीणबाईंनी चहा केला, आणि धाकटीनं तो कुणाशी न बोलता प्यायला.

सव्वासहाला ताईचा फोन आला.

"अगं आहेस कुठे? लाँच येऊन गेली की कधीच!"

"लोकरीच्या दुकानात."

"कसल्या?"

"लोकरीच्या, ताई. लोकरीच्या! वहिनी पोचली?"

"वीस मिनिटं झाली. टेपच घेऊन आलीय. चपला काढायच्या आधी मशीनची लांबी-रुंदी घेतली." ताईनं आवाज खाली आणला. "मी काही बोलले नाही हं. नियम माझाच."

"वरचं मशीन काय करणारेय ती?"

"थांब, विचारते." फोनमधून वहिनीचा लांबून आवाज आला : "ते होय? ते भंगारवाल्याला द्यायचंय. एवढं जड धूड गाडीत कशाला?"

"मग ते मला ठेव," धाकटी म्हणाली. "वरचं."

"ठेवते. पण मग ती तुझी एक वस्तू झाली. आईचा आरसा मग नाही मिळायचा. नंतर रडायचं नाही."

"नुसतं डोकं माझी एक वस्तू? आणि पाय तिची?"

"नियम म्हणजे नियम, धाकटे."

धाकटीनं डोळे मिटले. काउंटरपलीकडे मास्तरीणबाई मान डोलवत होत्या. नियम कुठलाही असो, त्यांना तो ऐकूनच बरं वाटत असावं.

"ठेव," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

"पायांचं काय एवढं," टर्नर खाली मान घालून म्हणाला. "मी एक बैठक तयार करून देईन. हातानं फिरवायचं चाक लावून. दोन-चार महिन्यांत."

"तुमच्या दोन-चार महिन्यांत?"

तो पिशवी आवरायला लागला.

धक्क्यासमोरच्या लॉजमधल्या खोलीत त्या रात्री धाकटी छताकडे बघत पडली आणि दिवसाचा ताळा घालू लागली. वहिनीला पाय मिळाले, आणि त्यासाठी तिला पेट्रोलपलीकडे काही द्यावं लागलं नाही. पोस्टातल्या बाई एका सहीवर सुटल्या. उद्यापासून मोठ्या रस्त्यानं ताठ मानेनं जातील. मास्तरीणबाईंना गिऱ्हाईक गमवावं लागलं, पण टर्नर त्यांना दर महिन्याला पत्र लिहिणार होता, पत्त्याची देवघेव दारात तिच्या डोळ्यांदेखत झाली होती, तेव्हा त्या फायद्यातच. टर्नरच्या अकरा ओळी गेल्या आणि अकरा परत आल्या; तो शेजारी घोरत होता. सहा गुंडे, फुकट गेलेली लाँचची दोन आगाऊ तिकिटं, ही खोली, लोखंडी पाय, आरसा आणि वहिनीचा उतरलेला चेहरा बघण्याचं सुख, एवढं सगळं एकट्या धाकटीनं भरलं होतं. आणि तिच्या पदरात पडलं ते बिनपायांचं मशीन आणि एक बाही, जी अजून कोपरापर्यंतच आली होती.